मुलुंडच्या भिंतीवरचा फोटो

२०२४ साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझी थोरली बहीण शहाऐंशीची. त्या वर्षी तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की काचबिंदूने उजवा डोळा गेलेलाच आहे, डाव्यात जे उरलंय ते वर्षभर टिकलं तर नशीब. तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. समोर माणूस बसला तर आधी त्याचं नाक दिसतं, मग मान हलवून ती डोळे शोधते, मग तोंड.

हे कळल्यावर ती रडलीबिडली नाही. मला निरोप पाठवला, येऊन जा. मी घाटकोपरला राहतो, ती दहिसरला तिच्या मुलीकडे. दोन मेट्रो करून गेलो. दारात चपला काढत होतो तेवढ्यात ती आतून म्हणाली, "आयेचो फोटो कधी करतलंस?"

सत्तर वर्षं मुंबईत राहून अक्काची मालवणी निम्मी झाली आहे, पण भांडायचं असलं की पूर्ण येते.

आमच्या आईचा फोटो नाही. ती गावी वारली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, अक्का पंधराची. फोटो काढायला तालुक्याला जावं लागायचं आणि तालुक्याला जायचं तर काहीतरी कारण लागायचं. आई आजारी पडली तेव्हा कारण होतं, पण तेव्हा फोटोचं कोणाला सुचणार. वडील गिरणीत होते, ते मला मुंबईला घेऊन आले. अक्का लग्न होऊन मागून आली आणि तिनेच मला वाढवलं.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे अक्का माझ्यामागे का लागली होती ते कळेल. मी मेलेल्या माणसांचे फोटो करायचो. घाटकोपरला एका गल्लीत माझं दुकान होतं, बेचाळीस वर्षं. बारका, जुना, घडी पडलेला फोटो लोक घेऊन यायचे. मी तो मोठा करून घ्यायचो आणि ब्रशने त्यात रंग भरायचो. कधी कधी जिवंतपणी फोटोच काढलेला नसायचा. मग तिरडीवर ठेवल्यावर काढलेला फोटो यायचा. त्यातला नाकातला कापूस मी काढायचो, डोळे उघडायचो, केस विंचरायचो. वर कोट घालायचो. जन्मभर बनियनवर राहिलेल्या किती माणसांना मी कोट घातला असेल त्याचा हिशेब नाही. बायकांना हिरवी साडी. नवऱ्याच्या मागून गेलेल्या बाईला मुलं म्हणायची, "कुंकू लावा हो, बरं दिसतं." मी लावायचो. भिंतीवर गेल्यावर कोण विचारतंय.

माझी शाळा चौथीपर्यंत. चौथी पास की नापास ते विचारू नये. हे सगळं मी हाताने लिहिलं आहे, भाचीने फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं. दोन ठिकाणी तिने वाक्य गोड केलं होतं, ते मी खोडलं.

काही लोकांकडे कसलाच फोटो नसायचा. तिरडीवरचासुद्धा नाही. ते काम घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत मीच घ्यायचो. अख्ख्या घराला बाकावर बसवायचं आणि पेन्सिल घेऊन विचारायचं, "नाक कोणाचं?" कोणीतरी आत्याकडे बोट दाखवायचं. आत्या म्हणायची, माझं कुठे, तिचं बसकं होतं. "कपाळ कोणाचं?" मग भांडण. भांडण झालं की काम चांगलं व्हायचं, कारण भांडताना माणसाला खरं आठवतं. आठवड्याने मी फोटो कागदात गुंडाळून ठेवायचो आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्याच्या हातात पालथा द्यायचो. त्याने उलटा करून बघायचा. ते माणूस रडलं की काम झालं. "छान आहे" म्हणालं की मी फोटो परत घेऊन पुन्हा करायचो. छान आहे असं आपण परक्या बाईला म्हणतो.

एवढ्या लोकांच्या आया केल्या, स्वतःची केली नाही. अक्का दरवर्षी विचारायची आणि मी दरवर्षी म्हणायचो, वेळ नाही. दुकान बंद केल्यावर म्हणायला लागलो, हात थरथरतो. त्या दिवशीही तेच म्हणालो.

"चाय पिताना हालना नाय तो," अक्का म्हणाली.

खरं कारण मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मला आईचा चेहरा आठवत नाही. पाय आठवतात. ती चुलीपुढे उकिडवी बसलेली आणि मी मागून बघतोय, टाचांना भेगा आणि भेगांत शेण. एवढीच माझी आई. घाटकोपरच्या गल्लीत ज्याच्याकडे लोक आई मागायला येतात त्याने हे कोणाला सांगावं?

भाची चहा घेऊन आली. ती पन्नाशीची आहे, शाळेच्या ऑफिसात काम करते, डोकं तिच्या आईसारखं, म्हणजे तापट. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला नको असेल तर राहू दे. मी एआयकडून करून घेते. आत्ता, पाच मिनिटांत."

"कोण तो?"

"कोणी नाही हो. मोबाईलमध्ये असतं. आपण लिहून सांगायचं, तो चित्र काढतो."

"त्याने आईला बघितलंय?"

"तुम्ही तरी कुठे लोकांच्या आईला बघितलेलं?"

मी चहात साखर कमी आहे म्हणालो.

भाचीने अक्काचा मुंबईत काढलेला तरुणपणचा एक फोटो मोबाईलमध्ये घातला, माझा एक घातला, आणि लिहिलं. काय लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवलं. कोकणातली बाई, वय पस्तीस, गरीब घर, वगैरे. मी म्हटलं, तो नाक कोणाचं ते विचारत नाही का? ती म्हणाली, नाही, तो विचारत नाही, आपणच सांगायचं. मी म्हटलं, मग तो कसला कारागीर.

चित्र आलं. एक नव्हे, चार आली. चार बायका चौकटीत बसून माझ्याकडे बघत होत्या आणि खाली लिहिलं होतं की यातली आवडेल ती निवडा.

"आई निवडायची?" मी म्हटलं.

"मामा, ते तसंच असतं."

"चारी जणी एवढ्या गोऱ्या कशा? चुलीजवळ बसायच्या की नाही?"

पहिलीच्या नाकात हिऱ्याची नथ होती. दुसरीच्या गळ्यात एवढं सोनं की आमच्या अख्ख्या वाडीत नसेल. तिसरी राजस्थानातून आलेली वाटत होती. चौथी सिनेमातली. मी भाचीला म्हटलं, विचार त्याला, आमच्या वडिलांना एवढा पगार कोणत्या गिरणीत होता. भाची हसली नाही. तिने पुन्हा लिहिलं. सोनं काढ. सावळा रंग. नऊवारी. केस तेल लावून मागे. कपाळ रुंद. अक्का पलंगावरून ओरडून सांगत होती, "दात पुढे हुते म्हणून लिही गो!" भाचीने लिहिलं, त्याने दात काही पुढे केले नाहीत. पुन्हा लिहिलं, तर एवढे पुढे केले की अक्काला न दाखवताच पुसावं लागलं.

तासाभराने एक चित्र आलं. खोटं कशाला बोलू, काम चांगलं होतं. डोळ्यातला पांढरा ठिपका, ज्याच्यामुळे डोळा जिवंत वाटतो, तो बरोबर मी द्यायचो तिथेच दिला होता. पदराची घडी खरी होती. कान तर एका पातळीत, फूटपट्टीने लावल्यासारखे. मला एवढे सरळ कान जन्मात जमले नाहीत.

"बघितलंत?" भाची म्हणाली. "त्याने लाखो चेहरे बघितलेत, मामा."

"मीही बघितलेत. मी समोर बसवून बघितलेत."

"पण कोटही तुम्हीच घातलेत ना त्यांना? आणि कुंकू? तो नथ घालतो तर तुम्हाला राग येतो."

मी म्हटलं, कोट लोकांनी मागितलेला असायचा. नथ आम्ही मागितली नव्हती. हा मुद्दा मला तेव्हा फार भक्कम वाटला. आता लिहिताना तेवढा वाटत नाही.

भाची खाली जाऊन ते चित्र मोठं छापून घेऊन आली, फ्रेमसकट. ती सरळ अक्कासमोर धरणार होती. मी म्हटलं, थांब, पालथा दे. ती म्हणाली, आता हे काय? मी म्हटलं, पद्धत आहे. माझ्या दुकानातून फोटो कधी सुलटा गेला नाही, याचाही जाणार नाही.

अक्का खिडकीजवळ बसली. चष्मा नाकावर चढवला. अक्काचा चष्मा नेहमी वाकडा बसतो, माझाही. चष्मेवाला म्हणतो काडी नीट आहे, कानच खालीवर आहेत तुमचे. तिने फ्रेम उलटी केली आणि तुकड्यातुकड्याने बघायला लागली. कपाळ बघितलं. मग फ्रेम वर सरकवून नाक. मग हनुवटी. मग पुन्हा कपाळ. भाची श्वास धरून उभी होती. मीही होतो, पण मी तसं दाखवत नव्हतो.

"छान आसा," अक्का म्हणाली.

मी भाचीकडे बघितलं. मला हसू आलं असणार, कारण ती म्हणाली, "हसू नका, मामा."

"कोणाची आवस ही?" अक्काने विचारलं. "चांगल्या घरातली दिसता."

भाचीच्या डोळ्यात पाणी आलं. तिने खरंच मनापासून केलं होतं. मला वाटलं काहीतरी बरं बोलावं, म्हणून मी म्हटलं, कान सरळ आलेत. ती आत निघून गेली.

तेव्हा अक्का फ्रेम मांडीवर ठेवून सहज म्हणाली, "आये मुलुंडाक आसा."

मला वाटलं झालं, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं. पण अक्का पुढे बोलत राहिली आणि तिचं डोकं माझ्यापेक्षा बरं होतं.

झालं होतं असं. माझ्या पस्तिशीत मुलुंडचे तीन भाऊ माझ्या दुकानात आले होते. आई लहानपणीच गेलेली, फोटो नाही. तिघांना बाकावर बसवलं आणि विचारलं, नाक कोणाचं. ते जे भांडले ते हातघाईवर आले. थोरला म्हणे आत्यासारखं, मधला म्हणे बसकं होतं, थोरल्याला काही आठवत नाही. धाकटा तर आई गेली तेव्हा पाळण्यात होता, पण सगळ्यात मोठा आवाज त्याचा. मी कंटाळून त्यांना घरी पाठवलं आणि चेहरा माझ्या मनाने केला. थोरल्याच्या हातात पालथा दिला. तो रडला. मी म्हटलं, काम झालं.

जाता जाता थोरला म्हणाला, घरात चपात्या करायला एखादी बाई बघा. मी अक्काला पाठवलं. ती तेव्हा भांडुपला राहायची. तिने त्या घरात बावीस वर्षं चपात्या केल्या.

"पयल्याच दिवशी हॉलात बघितलंय," अक्का म्हणाली. "भिंतीवर आये. तिचीच नजर. म्हटलं, हिचो फोटो यांच्या घरात कित्याक? मगे त्यांनी सांगितला, घाटकोपराक करून घेतलो."

"आणि तू बावीस वर्षं बोलली नाहीस?"

"दर शुक्रवारी काच पुसायचंय मी. गुडघे गेले तरी काम सोडूक नाय ता कित्याक वाटता तुका? चपात्यांसाठी?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुका सांगितला असता तर बुरुश घेवन नीट करूक गेलो असतंस."

हे खरं आहे. गेलो असतो.

मी म्हटलं, अक्का, तो चेहरा मी मनाने केलेला. ती म्हणाली, मग तुझ्या मनात आणखी कोण होतं? बाकीच्या घरातल्या तशा फोटोंचं मला आठवायला लागलं. विक्रोळीचा एक, पंतनगरचा एक, जिथे जिथे घरच्यांचं जुळलं नाही आणि मी माझ्या मनाने केलं. सगळ्या बायका मला साधारण सारख्याच दिसायला लागल्या. म्हणजे माझी पद्धत, माझी परीक्षा, लोकांचं रडणं. ते कोणाला बघून रडत होते?

भाची दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे तो लाखो चेहरे कालवतो आणि तुम्ही एकच चेहरा सगळ्यांना वाटत होतात."

मी तसाच उठलो. पन्नाशीच्या बाईने मामाशी असं बोलू नये. पण चपला घालताना माझ्या लक्षात आलं की ती चुकीचं काही बोललेली नव्हती. म्हणून मी आणखीनच रागावलो.

"मी त्यांच्या सुनेला फोन करते," भाची मागून म्हणाली. "दिवाळीत अजून फराळ पाठवतात ते. मोबाईलवर फोटोचा फोटो मागवून घेऊ."

अक्का म्हणाली, "माका मोबाईलातली नको. डोळे जातले. डोळे गेले तरी काच पुसूक येता." मग माझ्याकडे मान फिरवून, मला नाकापासून शोधत, "तू आणून दे."

मी आजवर गिऱ्हाईकाकडे गेलेलं काम परत मागितलेलं नाही. तो माझा नियम होता आणि मी तो अक्काला सांगितला. ती म्हणाली, "नियम घरी ठेवन जा." मी भाचीला म्हटलं, फोन करू नकोस, कामाला माणूस फोन करून जात नाही. तिने ती मशीनवाली बाई पिशवीत घालून माझ्या हातात दिली. म्हणाली, रिकाम्या हाताने कसे जाणार, त्यांना ही द्या. मी म्हटलं, वेडी आहेस. पण पिशवी घेतली, कारण फ्रेम चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, जुन्या पेटीतून पेन्सिल काढून खिशात टाकली आणि बसने मुलुंडला गेलो. त्यांची चाळीसारखी बिल्डिंग जाऊन तिथे टॉवर झाला आहे. वॉचमनने वहीत सही घेतली. कामाचं कारण विचारलं, मी म्हटलं, फोटो. अकराव्या मजल्यावर दार उघडलं ते थोरल्यानेच. माझ्याएवढाच म्हातारा झाला होता. त्याने मला ओळखलं नाही, मीही त्याला आवाजावरून ओळखलं. घाटकोपरचा फोटोवाला म्हटल्यावर त्याने आत घेतलं.

फोटो हॉलमध्ये नव्हता. हॉलमध्ये टीव्ही होता. मागच्या खोलीत, कपाटाच्या वर, चंदनाचा हार घालून लावला होता. मी बघितलं. मला आई ओळखता आली नाही. नुसत्या चेहऱ्यावरून मी कशी ओळखणार. पण माझं काम मी ओळखलं, आणि माझी चूकही. डावा कान उजव्यापेक्षा वर लागला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं आणि मी त्याच्यावरून पदर ओढून झाकायला बघितलं होतं. पूर्ण झाकला गेला नव्हता. मी चष्मा काढून आधी डाव्या, मग उजव्या कानाला हात लावून बघितला. थोरल्याला वाटलं मला चक्कर आली. त्याने खुर्ची सरकवली.

बसून मी त्याला सांगितलं, "ही माझी आई आहे." आणि तेव्हा काय झालं होतं तेही सांगितलं, काही न वगळता. तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्याने विचारलं, "मग आमची कुठे आहे?"

पिशवीतली बाई मी बाहेर काढली नाही. तशीच पायाने खाटेखाली सरकवली. थोरल्याने सुनेला हाक मारली. तिने स्टुलावर चढून फोटो खाली काढला, हार वेगळा केला, काच पदराने पुसली आणि फोटो जुन्या चादरीत गुंडाळून दाराशी ठेवला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला.

मी तिच्याकडे कोरा कागद मागितला. तिने प्रिंटरमधला दिला. मी थोरल्याला खिडकीकडे तोंड करून बसवलं, पेन्सिलीला टोक केलं आणि विचारलं, "नाक कोणाचं?"

"आत्यासारखं," तो लगेच म्हणाला. मग म्हणाला, "नाही. मधला म्हणायचा तेच बरोबर होतं. बसकं होतं."

मी नाक बसकं काढलं.